टिल्लूच्या हेल्मेटवरचा खळगा

प्रिय ताई,

पाकीट हातात आल्यावर तू आधी ते उलटंपालटं करून बघशील, मग म्हणशील, ह्याचा फोन बिघडला की डोकं? फोन ठीक आहे. डोक्याचं हे वाचून तूच ठरव. मी आयुष्यात लिहिलेलं हे दुसरं पत्र. पहिलं सातवीत होतं, आजारी असल्यामुळे शाळेत येऊ शकलो नाही असं बाईंना कळवायचं होतं, आणि त्यातला आजारसुद्धा तूच सुचवला होतास. त्यानंतर शाळा सुटली आणि पत्रंही. तेव्हा अक्षराकडे बघू नकोस. ओळी जिन्यासारख्या चढत गेल्यात, तिकडेही बघू नकोस.

आज चौथा दिवस, लिहितोय आणि खोडतोय. आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये दुपारी पाऊण तास सुट्टी असते. आत फळांच्या खोल्यांमध्ये बारा महिने दोन डिग्री. जाड जाकीट, हातमोज्यांवर हातमोजे, कानटोपी, एवढं सगळं चढवूनही बाहेर आलो की बोटं लाकडासारखी झालेली असतात. दहा मिनिटं चहाचा कप नुसता धरून बसायचं, बोटं उघडली की मग पेन. आमचा फोर्कलिफ्टवाला समोर बसून डबा खातो आणि माझ्याकडे बघत राहतो. पहिल्या दिवशी म्हणाला, "काय रे, प्रेमपत्र का?" काल म्हणाला, "प्रेमपत्राला एवढा वेळ लागत नाही. तू कुणाची तरी माफी मागतोयस." मी म्हटलं, "तू तुझा डबा खा." पण माणूस हुशार आहे.

मुद्द्याचं आधीच लिहितो, नाहीतर मी इकडंतिकडं भटकत बसेन, माझी सवय तुला माहीत आहे. तुझ्या धाकटीच्या हेल्मेटला नाही म्हणू नकोस. रविवारी फोनवर तू इतक्या शांतपणे सांगितलंस की मला आधी कळलंच नाही काय सांगतेयस. तिचंही डोकं मागून एका बाजूला चपटं होतंय, तिच्या दादाचं, टिल्लूचं, होतं तसंच, डोक्याची हेल्मेटं बनवणाऱ्या त्या टोपीवाल्यांनी माप घेतलंय, पाचवा महिना आहे, याच महिन्यात सुरू केलं तर गोल होऊन जाईल असं म्हणालेत. आणि मग तू म्हणालीस, "मी नको म्हणून कळवलंय. माझ्या हातांनी एकाचं झालं तेवढं पुरे." मी काहीतरी पुटपुटलो. तू विचारलंस, तिकडं थंडी फार आहे का. मी म्हटलं, आत आहे, बाहेर नाही. मग तू फोन ठेवलास. हे सगळं एकाच दमात झालं.

टिल्लूच्या वेळचं मला सगळं आठवतं, तुला वाटतं त्यापेक्षा जास्त. मी तेव्हा बावीस वर्षांचा, तीन वर्षांत सहा कामं धरली आणि सोडली होती. सातवं काम तुझ्या घराजवळच्या पाट्यांच्या वर्कशॉपमध्ये लागलं म्हणून तुझ्याकडे राहायला आलो, पंधरा दिवसांसाठी, आणि वर्षभर राहिलो. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली माझी गादी. माझ्या पायाला भिंगरी आहे म्हणून तू मला भिंगरीच म्हणायचीस, आणि भावोजी म्हणायचे, "भिंगरी निदान एका जागी फिरते, हा तेही करत नाही." वर्कशॉपमध्ये माझं काम दुकानांच्या पाट्यांवरची प्लास्टिकची अक्षरं वाकवायचं. गरम हवेची बंदूक असते, केस वाळवायच्या यंत्रासारखी दिसते पण त्याच्या दसपट तापते. पट्टी तापवायची, मऊ झाली की वाकवायची, अंगठ्याने दाबून धरायची, ओल्या फडक्याने गार करायची. झालं अक्षर. ते काम मला जमत होतं. शाळेत जी अक्षरं हातात येत नव्हती ती इथं मुकाट वाकायची, याचा मला फार माज होता.

टिल्लू खिडकीकडे बघत एकाच कुशीवर झोपायचा, त्याची मान तिकडेच वळायची, आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत डोकं मागून डावीकडे सपाट झालं होतं. आठव्या महिन्यात हेल्मेट आलं. टोपीवाले म्हणाले होते, थोडा उशीर झालाय, पण नीट वापरलंत तर वेळेत होईल. तेवीस तास डोक्यावर, एक तास खाली. पहिला आठवडा तू रडतच काढलास. शेजारच्या काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "पोरगं एवढ्यातच मोटारसायकल चालवायला लागलं का गं?" आणि तू आत येऊन दार लावलंस. मग मी वर्कशॉपमधल्या उरलेल्या स्टिकरमधून बाण कापून आणला, खोक्यांवर असतो तसा, खाली लिहिलं 'ही बाजू वर', आणि हेल्मेटच्या मागे चिकटवला. तू पोट धरून हसलीस. भावोजींनी तर टिल्लूलाच उलटा धरून विचारलं, "आता माल परत पाठवायचा का?" इथं रोज तसाच बाण असलेली हजारभर खोकी माझ्या हाताखालून जातात, ताई. पाच वर्षं झाली. त्या बाणाकडे मी अजून नुसता बाण म्हणून बघू शकत नाही.

तो एक तास म्हणजे संध्याकाळी सहा ते सात. तू औषधांच्या दुकानातून साडेपाचला यायचीस, हात धुवायचीस, आणि सहाला पट्टा काढायचीस. हेल्मेट निघालं की टिल्लू स्वतःचं डोकं दोन्ही हातांनी चाचपायचा, जसं काही हरवलेलं सापडलं. तू त्याला आंघोळीला न्यायचीस, आणि हेल्मेट माझ्याकडे. हे काम मी स्वतःहून मागून घेतलं होतं, आठवतंय? तू म्हणाली होतीस, "तुला एका जागी दहा मिनिटं बसता येत नाही, तू काय धुणार?" पण मी धुवायचो. आतल्या फोमला घामाचा आणि आंबलेल्या दुधाचा वास यायचा. फडक्यावर स्पिरिट घेऊन सगळीकडून पुसायचं, कोपऱ्यांत मऊ ब्रश, पट्ट्याच्या आतून वेगळं. फार वास असला तर बाळाच्या शांपूचे दोन थेंब आणि गार पाणी. मग पंख्यासमोर उलटं ठेवायचं आणि वाळेपर्यंत वाट बघायची. फ्रिजच्या दारावर सूचनांचा कागद होता, सगळ्यात खाली जाड अक्षरांत लिहिलेलं, 'गरम पाणी, ऊन आणि उष्णतेपासून दूर ठेवा.' ती ओळ मी वाचली होती. हळू वाचतो मी, पण वाचतो. तेव्हा माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

आता पुढचं लिहायला मला एक अख्खा दिवस लागला. काल इथवर येऊन कागद घडी करून जाकिटाच्या खिशात घातला आणि संत्र्यांच्या खोलीत जाऊन दोन तास खोकी रचली.

तो सोमवार होता. या कोल्ड स्टोरेजसाठी माणसं घेणारा माणूस साडेसहाला स्टँडजवळ भेटणार होता. उशीर झाला तर नाव यादीतून जाणार. मी तुला सांगितलं नव्हतं, कारण आठवं काम ऐकलं असतंस तर तू चिडली असतीस. त्या दिवशी हेल्मेटला फार वास येत होता, म्हणून मी शांपूने धुतलं, आणि घाईत पाणी जास्त ओतलं. फोम चिंब झाला. पंख्यासमोर अर्धा तास तरी लागला असता, आणि ओलं टाकून निघालो असतो तर कुठं चाललास म्हणून तू विचारलं असतंस. सव्वासहा झाले होते. माझ्या पिशवीत वर्कशॉपची बंदूक होती, दुसऱ्या दिवशी सकाळी परस्पर एका दुकानात पाटी बसवायला जायचं होतं म्हणून घरी आणलेली. मी ती लावली. कमीवर लावली, लांब धरली. आतून न्हाणीघरातून तू ओरडलीस, "कसला आवाज रे?" मी म्हटलं, "पंखा मोठा केलाय." आठव ताई. तू म्हणाली होतीस, "पंख्याला घरघर लागली वाटतं." त्या दिवशी पंख्याला काही झालं नव्हतं.

दोन मिनिटांत फोम वाळला. मला वाटलं, अरे, हे रोज का नाही केलं. मग बघतो तर डाव्या कानामागची कड ओल्या पुठ्ठ्यासारखी मऊ पडून बाहेर झुकलेली. मी बंदूक बंद केली, पण घाबरलो क्षणभरच. कारण असलं तर मी रोज करत होतो ना? वाकलंय, परत वाकवायचं. कड आत दाबली, अंगठ्याने धरून ठेवली, नळाखाली गार केली. सोडली तेव्हा कड जागेवर होती. बाहेरच्या बाजूला माझ्या अंगठ्याचा खळगा राहिला होता, बोट फिरवलं तर लागेल एवढाच. बाहेर खळगा म्हणजे आतून फुगवटा, हे पाट्यांच्या कामात कधी बघावं लागत नाही. पाटीच्या आत कुणाचं डोकं नसतं. खिडकी उघडून जळका वास घालवला. तू टिल्लूला पुसून आणलंस आणि मीच त्याच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं. तो रोज त्या वेळी माझं नाक ओढायचा. त्या दिवशी त्याने मान झटकली आणि कुरकुरला. तू म्हणालीस, "आज काय झालं ह्याला?" मी म्हटलं, "दात येत असतील," आणि चपला घालून पळालो. साडेसहाला पाच मिनिटं कमी असताना स्टँडवर पोचलो. नाव लागलं. ते काम म्हणजे हे काम, ज्याच्या जेवणाच्या खोलीत बसून मी हे लिहितोय.

रात्रभर आणि दुसरा दिवसभर ते त्याच्या डोक्यावर होतं. संध्याकाळी तू पट्टा काढलास तेव्हा कानामागे नाण्याएवढी जागा लालभडक, मधली कातडी सोललेली. तू रडली नाहीस. तू घड्याळ लावून एक तास बघत बसलीस, कागदावर तसं लिहिलं होतं म्हणून, आणि लाली गेली नाही तेव्हा फोन केलास. मी त्या तासात तीनदा तुझ्यासमोरून पाणी प्यायला गेलो.

टोपीवाल्यांच्या खोलीत आपण चौघं होतो, तू, भावोजी, भावोजींच्या खांद्यावर टिल्लू, आणि मी दाराशी पिशवी धरून. खिडकीपाशी सगळ्या लहान डोक्यांचे पांढरे साचे ओळीने मांडलेले. त्यांनी हेल्मेट उजेडात फिरवलं, कानामागे बोट ठेवलं आणि म्हणाले, "याला उष्णता लागलीय. आणि वरून दाबलंय कुणीतरी." कुणीच काही विचारलं नव्हतं, आणि तू म्हणालीस, "मी मागच्या आठवड्यात एकदा कोमट पाण्याने धुतलं होतं. फार वास येत होता म्हणून." असं बोलायला तुला क्षणही लागला नाही. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "कोमट पाण्याने खरं तर एवढं होत नाही." ताई, माझ्यासाठी तिथं दार उघडं होतं. एक पाऊल टाकायचं होतं. मी श्वास घेतला, आणि माझ्याआधी भावोजी बोलले. "दुकानात परक्यांच्या औषधाचे थेंब मोजतेस, आणि घरी पोराची टोपी धड धुता येत नाही." मग तू म्हणालीस, "जास्त गरम असेल. माझ्या लक्षात आलं नसेल. घासताना दाबलंही गेलं असेल." तू हेल्मेट हातात घेतलंस आणि अंगठा त्या खळग्यात ठेवून पाहिलास. तुझा अंगठा आत बसला आणि चहूबाजूंनी जागा उरली. ते मी पाहिलं. तुझे डोळे भरलेले होते, तुला दिसलं नसणार.

मनाशी ठरवलं, घरी गेल्यावर सांगू. घरी भावोजी न जेवता कामावर गेले. म्हटलं, ते आल्यावर सांगू. मग जखम भरेपर्यंत थांबू. चौथ्या दिवशी माझी गाडी होती. तू तशातही माझी पिशवी भरलीस, मोजे दोन जोड जास्त घातलेस, आणि दारात म्हणालीस, "एक तरी काम धरून ठेव रे." बघ, धरून ठेवलं. सात कामं सोडणाऱ्याने हे पाच वर्षं धरलंय. सगळे म्हणतात, सुधारला. सुधारलो कसला, परत यायचं म्हणजे तुझ्यासमोर बसायचं, म्हणून इथं राहिलो. दोनदा सुट्टी मंजूर झाली होती, दोन्हीदा मी तुला खोटं सांगितलं की नाकारली.

जखम भरायला तीन आठवडे, नवं माप आणि नवं हेल्मेट यायला आणखी तीन. तोवर टिल्लू वर्षाचा होत आला आणि हाड घट्ट व्हायला लागलं होतं. डोकं जेवढं गोल झालं तेवढंच झालं. हे तू मला फोनवर बातमी सांगावी तसं सांगायचीस, एकेक. मग एके दिवशी म्हणालीस, दुकानातलं काम सोडलं. मालक दोनदा घरी आले, म्हणाले, तुझ्याइतकी अचूक माणसं मिळत नाहीत, आणि तू त्यांना म्हणालीस, हात थरथरतो. डॉक्टरांचं ते मुंग्यांसारखं अक्षर लांबून वाचणारी माझी ताई. मी काय केलं? टिल्लूसाठी मोटार पाठवली, चावीची. तो खूश झाला म्हणालीस.

परवा व्हिडिओवर त्याचा चष्मा पाहिला. एक कान पुढे, एक मागे, त्यामुळे तो डावीकडे घसरतो, आणि तू काडीला कापसाची गुंडाळी केलीयस, वर निळी पट्टी. किती नीट गुंडाळलीयस. तो म्हणाला, "मामा, माझा चष्मा डान्स करतो," आणि मान हलवून दाखवली. तू मागून हसलीस. मीही हसलो, आणि मग नेटवर्क गेलं म्हणून सांगितलं. नेटवर्क कुठंही गेलं नव्हतं.

सांगायचा प्रयत्न मी केलाच नाही असं नाही. दोन वर्षांपूर्वी फोनवर म्हटलं होतं, "ताई, टिल्लूचं ते तुझ्यामुळे नव्हतं झालं." तू म्हणालीस, "गप रे. तुझी माया कळते मला. लहानपणापासून माझी बाजू घेतोस." आणि मी गप्प बसलो. तू दिलेलं ते कौतुकही मी ठेवून घेतलं. खरं सांगू, त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. त्याची लाज मला हेल्मेटपेक्षा जास्त आहे.

सोमवारी भावोजींचा फोन आला. डेपोतून, मागे बसचं इंजिन चालू. आधी हवापाण्याचं बोलले, तेव्हाच ओळखलं की काहीतरी आहे, ते हवापाण्याचं कधी बोलत नाहीत. म्हणाले, "भिंगरी, तुझ्या ताईला समजाव. माझं ऐकत नाही, आणि का ऐकावं? त्या दिवशी मी जे बोललो ना, ते अजून घरात आहे. रोज भांडी घासताना तिच्या तोंडावर दिसतं मला. बस रिव्हर्स घेता येते रे, बोललेलं घेता येत नाही." मग म्हणाले, "तुझं ऐकते ती."  ते एक वाक्य बोलले तेसुद्धा मी गप्प बसलो म्हणून, आणि पाच वर्षं ते त्याचं ओझं वाहतायत. मी म्हटलं, समजावतो.

तर ताई, समजावतो. तुझ्या कोमट पाण्याने काहीही झालं नव्हतं. टोपीवाले तेव्हाच म्हणाले होते, तू ऐकलं नाहीस. त्याआधी दोन महिने तू जसं सांगत होतीस तसं धुतलं गेलं आणि एकदाही त्याच्या डोक्यावर साधा ओरखडा उठला नाही. दर आठवड्याला माप सुधारत होतं, तूच वहीत लिहायचीस. तुझे हात चांगले आहेत. थरथरत असतील तर मी थरथरायला लावलेत. धाकटीचं हेल्मेट आण. तूच धू, दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नकोस, आणि सहा ते सातच्या त्या तासात कुणाला घाई असेल त्याला घराबाहेर काढ. मला रागवायचं आहे तेवढं रागव. बोलू नकोस महिनाभर, वर्षभर बोलू नकोस. मी माफी मागतोय, पण ती दे म्हणून लिहीत नाहीये. तुझं रागावणं कितीही दिवस चालेल. टोपीवाल्यांनी मात्र याच महिन्यापर्यंत सांगितलंय, म्हणून आधी त्यांना फोन कर, मग माझ्यावर रागव.

हे सगळं फोनवर का नाही, असं तू विचारशील. कारण फोनवर तू परत म्हणशील, तुझी माया कळते मला. धाकटीसाठी मी आळ अंगावर घेतोय असं तुला वाटेल, आणि तू मला आणखी चांगला समजशील, ते मला आता सोसणार नाही. तू ते जुनं हेल्मेट टाकलेलं नाहीस, मला माहीत आहे. कपाटाच्या वरच्या फळीवर, उशीच्या अभ्र्यात. भावोजींनी सांगितलं, विसर पडू नये म्हणून ठेवलंय म्हणते. ते काढ. स्वयंपाकघराच्या फरशीवर पाटी घेऊन तू मला सही शिकवलीस, माझा भाऊ अंगठेबहाद्दर राहणार नाही म्हणायचीस, आणि ती सही मी खाली केलीच आहे. पण सहीच्या खाली आमच्या डिस्पॅचच्या शिक्क्याच्या शाईत अंगठाही उमटवलाय. फोर्कलिफ्टवाला म्हणाला, "एवढी पानंच्या पानं लिहिलीस आणि शेवटी अंगठाच?" थंडीने माझ्या अंगठ्याला मधोमध एक चीर पडलीय, तेवढी नवी आहे, बाकी तोच. तो ठसा कात्रीने काठाकाठाने काप. डाव्या कानामागच्या खळग्यात आधी तुझा अंगठा ठेव आणि भोवती किती जागा उरते बघ. मग हा कागद ठेव. काठाला काठ लागेल. भावोजींनाही दाखव. आणि मग ते हेल्मेट परत फळीवर ठेवू नकोस.

तुझाच,
भिंगरी